चिमटेबाई आणि वस्तादांची खुर्ची

माझ्या गाडीच्या पुढच्या कप्प्यात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असायचा आणि त्या डब्यात चिमटे असायचे. केस उपटायचे, काटे काढायचे, लहान, मोठे, काही तर घरीच पत्रा वाकवून केलेले. रस्ता खराब लागला की ते असे खडखडायचे की डोकं उठायचं. एकदा मी वैतागून डब्यात फडकं कोंबलं. दुसऱ्या दिवशी, डबा ज्यांचा होता त्या बाईंनी ते काढलं, त्यानेच गाडीची काच पुसली आणि फडकं माझ्या हातात दिलं. एक शब्द बोलल्या नाहीत. भांडायचं तर समोरचं माणूस तरी भांडखोर हवं. बाईंशी भांडायची सोयच नव्हती.

मी आरोग्य खात्यात ड्रायव्हर. या सीटवर बसून मी बरेच साहेब पाहिले. गाडीत बसल्या बसल्या घोरणारे पाहिले, गाडी कशी चालवायची ते मला शिकवणारे पाहिले. घरोघर फिरून रोगी शोधणाऱ्या या बाई माझ्या वाट्याला आल्या तेव्हा त्यांची नोकरी संपत आली होती आणि त्यांचा रोगही संपत आला होता. त्यांना झालेला नव्हे, त्या आयुष्यभर ज्याच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या तो. खुपऱ्या.

आजच्या मुलांना विचाराल तर खुपऱ्या म्हणजे काय हे सांगता यायचं नाही, आणि ते बरंच आहे. पूर्वी तोंड धुवायला पाणी नसायचं तिथे पोरांचे डोळे पुन्हा पुन्हा यायचे. एकाचे बरे झाले की दुसऱ्याचे. डोळे बरे व्हायचे, पण पापणीच्या आतल्या बाजूला वण राहायचे. मग ते पोर मोठं व्हायचं, त्याचं लग्न व्हायचं, संसार मार्गी लागायचा, आणि त्यानंतर कधीतरी ते जुने वण आखडायला लागायचे. पापणी आत वळायची आणि तिचे केस बुबुळावर घासायला लागायचे. डोळा उघडा ठेवा, घासतात. मिटा, तरी घासतात. उजेड तर सोसवतच नाही. आपल्या डोळ्यात कुसळ गेलं तर आपण घर डोक्यावर घेतो. या माणसांच्या डोळ्यात दिवसभर केरसुणी फिरत असते. घासून घासून बुबुळावर पांढरं फूल पडतं आणि एक दिवस दिसायचं बंद होतं.

नळ घरोघरी आले तसा रोग हटला. पोरांचे डोळे आता लख्ख असतात. राहिली ती फक्त मोठी माणसं, जुने वण पापणीत घेऊन जगणारी. त्यांनाही इलाज आहे. पापणी बाहेर वळवून टाके घालायचे, काम फार मोठं नाही. पण ही माणसं सापडायला हवीत, आणि शेवटची जी उरतात ती सापडत नाहीत. लपून बसतात म्हणून नव्हे. त्यांच्याकडे चिमटा असतो म्हणून.

केस खुपला की तो उपटायचा, हा त्यांचा इलाज. तुम्ही दारात जाऊन विचारलंत की डोळ्यांचा काही त्रास आहे का, तर ते नाही म्हणणार. खोटं बोलतात असं नाही. कालच केस उपटलेले असतात, आज डोळा शांत असतो, मग त्रास आहे असं कोण कशाला म्हणेल. शिवाय ऑपरेशनचं नाव काढलं की भलेभले मागे सरतात. म्हणून बाईंनी विचारायचंच सोडून दिलं. त्या दारात एक पाय उचलून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "अहो, काटा रुतलाय हो. चिमटा आहे का घरात?"

ज्या घरात चिमट्यासाठी शोधाशोध व्हायची, पेटीत बघ, फळीवर बघ, ते घर ठीक. पण जिथे कुणी म्हातारी उशाखालून नाहीतर गळ्यातल्या दोऱ्यातून झटकन चिमटा काढून द्यायची, तिथे बाई फतकल मारून बसायच्या. मग पिशवीतून बॅटरी निघायची, भिंग निघायचं, पापणी उलटून बघायच्या, आणि दोन-चार चकरांत त्या म्हातारीला ऑपरेशनला राजी करायच्या. टाके निघाले की चिमटा मागून घ्यायच्या. आता तुम्हाला काय करायचाय, म्हणायच्या. असा तो डबा भरला आणि लोक त्यांना चिमटेबाई म्हणायला लागले.

पहिल्या आठवड्यात मला यातलं काही माहीत नव्हतं. रोज बाईंच्या पायात काटा कसा रुततो, हे मला कळेना. शेवटी मी जाड तळाच्या चपला आणून दिल्या आणि जरा खाली बघून चालत जा, असंही सुनावलं. बाईंनी चपला निमूटपणे पायात घातल्या आणि पुढच्या दारात पुन्हा पाय उचलून उभ्या राहिल्या. त्या चपला त्यांनी पुढे कायम वापरल्या.

एकदाच त्या स्वतःबद्दल बोलल्या. रेल्वेच्या फाटकात गाडी अडकली होती. म्हणाल्या, आईच्या पापण्यांचे केस मीच काढायचे, शाळेत जायच्या आधी, खिडकीत बसून. माझा हात फार हलका होता, तिला कळायचंसुद्धा नाही, शेजारपाजारच्या बायका कौतुक करायच्या. मी म्हटलं, मग चांगलंच की. तर म्हणाल्या, "चांगलं कसलं भाऊ. उपटलेला केस परत येतो आणि येतो तो आखूड आणि ताठ येतो, जास्तच टोचतो. माझ्या लग्नात मी तिला दिसले नाही. तोंडावरून हात फिरवून म्हणाली, छान दिसतेस." मग फाटक उघडलं. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, त्याला मी उगाचच शिव्या घातल्या.

तर सांगायचंय ते गोदामांमागच्या वस्तीचं. बाईंच्या वाट्याची ती शेवटची वस्ती. तपासलेल्या घराच्या चौकटीवर खडूने खूण करायची, अशी पद्धत. सगळ्या गल्ल्या संपत आल्या तरी एकाही घरात झटकन चिमटा निघेना. मधली गल्ली तर अशी की तिथे कुणाकडे चिमटाच नव्हता. बाई खूश. इतक्या खूश की त्यांनी एक खडू ठेवून उरलेले पोरांना वाटून टाकले आणि तिथूनच साहेबांना फोन लावून सांगितलं की वस्ती स्वच्छ आहे. साहेबही खूश. आता वरच्यांना कळवू म्हणाले, आपल्या भागातून खुपऱ्या गेल्या.

शेवटच्या चार दारांवर खुणा करून बाई येईपर्यंत मी मधल्या गल्लीच्या टोकाला दाढी करायला गेलो. छोटं सलून होतं. ते चालवणाऱ्या माणसाला सगळे वस्ताद म्हणत. वय साठीच्या आसपास, दुकान आरशासारखं स्वच्छ, पांढरेशुभ्र टॉवेल, बाटल्या ओळीने लावलेल्या. फक्त खुर्ची विचित्र जागी होती. जगातल्या कुठल्याही सलूनमध्ये खुर्ची उजेडाकडे असते. इथे ती आतल्या कोपऱ्यात, खिडकीकडे पाठ करून, आणि वर खिडकीला जाड पडदा. मी म्हटलं, वस्ताद, चोरून दाढी करता की काय. ते म्हणाले, उन्हाने साबण वाळतो.

त्यांचा हात मात्र सुरेख होता. डाव्या हाताचं बोट पुढे गालावरून जायचं आणि त्याच्यामागून वस्तरा. बोट, वस्तरा. बोट, वस्तरा. डोळे बारीक करून, मान मागे टाकून करत होते. जबड्याच्या कडेला आले आणि मला सर्रकन कापलं. चांगलं बोटभर. गंमत म्हणजे हे पुढे करतच राहिले. मी ओरडलो तेव्हा थांबले. घाईघाईने तुरटी लावायला गेले, तीही भलत्याच जागी. इतक्यात मागचं दार ढकलून एक म्हातारी आत आली. मला बघून दचकली, मग येते म्हणाली आणि गेली. तिच्यामागे आणखी एक डोकावली, तीही गेली. मी रुमाल जबड्याला दाबून तणतणत बाहेर पडलो. या माणसाच्या दुकानात पुन्हा पाऊल टाकणार नाही, हे मनाशी पक्कं केलं.

गाडी सुरू केली आणि बाईंपुढे सगळं ओकलो. दुकान कसलं, तळघर आहे. खुर्ची अंधारात. कापलं ते त्याला कळतसुद्धा नाही. आणि वर म्हाताऱ्या बायका मागच्या दाराने येतात, आता दाढीच्या दुकानात म्हाताऱ्यांचं काय काम, तुम्हीच सांगा. मी आपला बडबडत होतो. मधेच बाईंनी विचारलं, "मागच्या दाराने?"

मी म्हटलं, हो.

"आणि खुर्ची उजेडाकडे पाठ करून?"

मी म्हटलं, सांगतोय काय मग.

"भाऊ, गाडी वळवा," बाई म्हणाल्या.

आम्ही मागच्या दाराने गेलो. बाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या, पण या वेळी पाय उचलला नाही. नुसतं म्हणाल्या, वस्ताद, काटा रुतलाय, चिमटा आहे का. वस्तादांनी सवयीने शर्टाच्या खिशात हात घातला आणि चिमटा पुढे केला. बारीक टोकाचा, घासूनपुसून चकचकीत ठेवलेला. बाईंनी तो हातात घेतला, बाकावर बसल्या आणि उलटसुलट करून बघत राहिल्या.

"या गल्लीत कुणाच्याच घरी चिमटा नाही," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, गल्ली निरोगी आहे. सगळ्यांचे केस तुम्हीच काढता."

वस्तादांनी नाकारलं नाही. म्हणाले, लोक येतात, त्यांना खुपतं, बघवत नाही. बायकांना पुढून यायला संकोच वाटतो म्हणून मागचं दार. माझा हात हलका आहे म्हणतात, कळतसुद्धा नाही. हे ऐकताना बाईंनी मान खाली घातली होती. मला फाटकातली गोष्ट आठवली आणि मी दुसरीकडे बघायला लागलो. मग बाईंनी मान वर केली.

"आणि तुमचे कोण काढतं?"

वस्ताद टॉवेलची घडी घालत होते. ती घातली, मोडली, परत घातली. उत्तर आतल्या खोलीच्या पडद्यामागून आलं. त्यांच्या बायकोने पडदा बाजूला केला आणि म्हणाली, कुणी नाही काढत. मला हात लावू देत नाहीत. आरशात दिसत होतं तोवर आरशात बघून काढायचे, आता चाचपून काढतात. वस्तादांनी तिला आत जायला सांगितलं. ती गेली नाही.

बाईंनी बॅटरी काढली. तपासणी झाल्यावर त्यांनी आडवळणाने काही सांगितलं नाही. उजव्या बुबुळावर फूल पडलंय, ते जायचं नाही. डावं नुसतं खरवडलंय, ते वाचू शकतं. पण आता थांबलात तर डावाही जाईल आणि वस्तरा खाली ठेवावा लागेल. वस्ताद हे ऐकून घाबरले नाहीत. त्यांना ते माहीतच होतं. ते दुसऱ्याच गोष्टीला घाबरत होते.

"बाई, डोळ्याला पट्टी बांधली की गल्लीला कळणार," ते म्हणाले. "ज्याला दिसत नाही त्याच्या हातात मान कोण देईल? डोळा बरा होईल, पण गिऱ्हाईक परत यायचं नाही. आणि मला दुसरं काही येत नाही."

बाईंनी बॅटरी पिशवीत ठेवली. मी रुमाल जबड्याला लावून तिथेच उभा होतो आणि माझ्या जिभेवर आलं होतं की कळायचं काय राहिलंय, हे बघा मला कसं कापलंय ते. पण का कोण जाणे, जन्मात पहिल्यांदा मी तोंड बंद ठेवलं. त्यांना वाटत होतं की थोडासा ओरखडा आहे. मी रुमाल खिशात घातला आणि कॉलर वर केली. तेवढ्यात त्यांची बायको म्हणाली, "आज ना उद्या कुणाला तरी जोरात लागेलच. तेव्हा कोण येणार आहे?"

त्यावर वस्ताद खुर्चीत बसले, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत. मग म्हणाले, आधी मी येतो. मी धड परत आलो तर मागच्या दाराने येणाऱ्या सगळ्यांना मीच तुमच्याकडे पाठवीन. नाही आलो, तर त्यांना माझ्या चिमट्यावर सोडा. बाईंनी हो म्हटलं आणि चिमटा त्यांना परत दिला. बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं की बाईंनी अख्खी गल्ली एका माणसाच्या एका डोळ्यावर पणाला लावली होती. त्यांच्या तर ते माझ्या आधीच लक्षात आलं होतं.

मग त्यांनी एक काम केलं. गल्लीतल्या प्रत्येक दाराशी जाऊन हाताच्या तळव्याने खडूची खूण पुसली. लोक विचारत होते, काय झालं. बाई सांगत होत्या, माझं चुकलं, पुन्हा बघायचंय. चिमट्याच्या युक्तीवर विसंबून त्यांनी या गल्लीत बॅटरी पिशवीबाहेर काढलीच नव्हती. गाडीत बसून साहेबांना फोन केला आणि हेच सांगितलं, एक अक्षर कमी नाही. मी साहेबांसाठी मनातल्या मनात चार शेलक्या शिव्या तयार ठेवल्या होत्या. पण ते म्हणाले, बरं झालं बाई, वरच्यांना कळवायच्या आधी कळलं, लागेल तेवढा वेळ घ्या. माझ्या शिव्या वाया गेल्या.

ऑपरेशनच्या दिवशी वस्तादांना आणि त्यांच्या बायकोला मीच घेऊन गेलो. वस्ताद पुढे बसले होते. डबा खडखडायला लागला तेव्हा त्यांनी विचारलं, यात काय आहे. बाईंनी मागून सांगितलं, चिमटे. वस्तादांनी नकळत शर्टाच्या खिशावर हात ठेवला आणि पुढे दवाखाना येईपर्यंत तो तिथेच होता. डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण बोलायला मोकळ्या. त्यांनी सगळं समजावून सांगितलं, इंजेक्शन कुठे देणार, टाके कुठे घालणार. वस्ताद ऐकत होते ते सगळं सोडून एकच बोलले, हात हलका आहे ना तुमचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्हीच सांगा नंतर.

मी बाहेर पायरीवर. वस्तादांची बायको बाकावर बसून होती आणि बाई माझ्या त्या जाड चपला फटफटवत व्हरांड्यात येरझारा घालत होत्या. मी दोनदा म्हटलं, बसा जरा. दोनदा बसल्या आणि दोनदा उठल्या. कुणाच्या ऑपरेशनला बाईंची अशी अवस्था मी पाहिली नव्हती. शेवटी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, मास्क खाली केला आणि म्हणाल्या, पापण्या छान वळल्या, उजव्यावरचा डाग राहील, पण डावा डोळा वाचला.

वस्तादांची बायको हसायलाच लागली. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वाचला हो भाऊ." एवढंच म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मी खिशातलं गाडी पुसायचं फडकं त्यांना दिलं, दुसरं काही नव्हतंच. माझाही जीव भांड्यात पडला होता. इतकं हलकं वाटत होतं की मी तिथल्या वॉचमनला उगाचच चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. वस्तादांनी डोळे उघडले, मिटले, उघडले, मिटले. सगळे वाट बघताहेत, आता काय म्हणतात. ते बावचळल्यासारखे म्हणाले, "खुपत नाही." मग पुन्हा डोळे मिटून बघितले आणि बायकोला म्हणाले, "अगं, खुपतच नाही." काहीतरी हरवल्याची तक्रार करावी तशा आवाजात म्हणाले. इतक्या वर्षांची सवय होती ना.

टाके निघाले, धुळीपासून जपायचे दिवसही सरले आणि वस्तादांनी दुकान उघडलं. बाईंना त्यांचे डोळे बघायचे होते म्हणून आम्हीही गेलो. बघतो तर काय, खिडकीवरचा पडदा गायब. खुर्ची उजेडात, आरशासमोर, असायला हवी तिथे. वस्ताद दंडावर टॉवेल टाकून उभे. आणि दुकानात चिटपाखरू नाही.

गिऱ्हाइकं नव्हती असं नाही. समोरच्या ओट्यावर पाच-सहा जण बसले होते, सगळ्यांच्या दाढ्या वाढलेल्या. गप्पा मारत होते, दुकानाकडे बघत होते, उठत मात्र कुणी नव्हतं. पट्टी सगळ्या गल्लीने पाहिली होती. आणि इतके दिवस आपली मान कुणाच्या हातात होती, हे प्रत्येकाला आता आठवत होतं. वस्तादांची बायको दारात हळूच बाईंना म्हणाली, सकाळपासून असंच आहे. हे म्हणाले होते ना, तसंच झालं. वस्ताद वस्तरा पुसत होते. आधीच स्वच्छ होता, तरी पुसत होते.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आधी माझ्या डोळ्यांकडे, मग जबड्याकडे.

"भाऊ, दाढी वाढलीये तुमची."

माझा हात आपसूक जबड्याकडे गेला. त्या दिवशी घरी गेल्यावर बायकोने विचारलं होतं, कुठे मारामारी करून आलात. जखम भरली होती, पण तिथे पांढरी रेघ राहिली होती आणि आंघोळीच्या वेळी बोट लागलं की आठवण यायची. जबड्यापासून गळा किती लांब असतो, हे तुम्हीच बघा चाचपून. पण ओट्यावरचे लोक बघत होते आणि वस्ताद बघत नसल्यासारखं करत होते. बाईंशी भांडायची सोय नाही, हे मी आधीच सांगितलंय. मी आत गेलो आणि खुर्चीत बसलो.

वस्तादांनी टॉवेल बांधला, साबण लावला. ऊन थेट माझ्या तोंडावर येत होतं. समोरच्या गप्पा थांबल्या. वस्तरा गालावर टेकला तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता पुढे बोट नाहीये. नुसता वस्तरा, सरळ. उजवा गाल झाला, हनुवटी झाली. मी खुर्चीच्या दांड्या घट्ट धरल्या होत्या. वस्तरा डाव्या जबड्याच्या कडेला आला आणि थांबला.

"हा वण कशाचा?" वस्तादांनी विचारलं.

"लहानपणी पडलो होतो," मी म्हणालो.

वस्ताद वाकले. त्यांचे डोळे माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर होते. कडा अजून थोड्या लाल होत्या, पण डोळे सताड उघडे होते आणि पापणीचे केस कसे बाहेरच्या बाजूला ऐटीत उभे होते. त्यांनी तो वण नीट पाहिला.

"लहानपणीच दाढी यायला लागली होती वाटतं तुम्हाला," ते म्हणाले.

बाई खुदकन हसल्या. वस्तादांची बायको तोंडावर हात धरून हसली. मला हसता येईना, गळ्यावर वस्तरा होता. वस्ताद ओट्यावरच्या लोकांनाही ऐकू जाईल असं म्हणाले, हा वस्तऱ्याचा वण आहे आणि माझ्याच वस्तऱ्याचा आहे, असा तिरका हात या भागात दुसऱ्या कुणाचा नाही. ओट्यावरही हशा पिकला. मग ते खाली वाकून फक्त मला ऐकू येईल असं बोलले. "त्या दिवशी तुम्ही हे दाखवलं असतंत, तर मी गाडीत बसलो नसतो. तोंड वर काढायची लाज वाटली असती."

मी खुर्चीच्या दांड्या सोडल्या.

दाढी झाली. रक्ताचा एक ठिपका नाही. मी बाहेर उन्हात येऊन उभा राहिलो, तर ओट्यावरचे सगळे माझ्या तोंडाकडे न बघता गळ्याकडे बघत होते. मी मुद्दाम मान वर करून, इकडून तिकडून वळवून दाखवली. त्यांच्यातला सगळ्यात वयस्कर होता तो कपडे झटकत उठला आणि विचारत आला, वस्ताद, खुर्ची रिकामी झाली का. त्याच्यामागून दुसरा उठला. मग कुणाचा नंबर आधी यावरून त्यांच्यात वाद लागला, तेव्हा वस्ताद दोघांवरही खेकसले. इतक्या दिवसांत मी त्यांना खेकसताना पहिल्यांदा ऐकलं आणि फार बरं वाटलं.

त्या गडबडीत ती म्हातारी आली, मला पाहून दचकलेली. पुढच्या दाराने आली, सगळ्या पुरुषांमधून वाट काढत. बाईंसमोर बाकावर टेकली आणि म्हणाली, "वस्तादांना नेलंत तिकडे मला कधी नेताय?"

बाईंनी बॅटरी काढली. वस्तादांनी एका हाताने गिऱ्हाइकाला साबण लावता लावता दुसऱ्या हाताने शर्टाच्या खिशातून चिमटा काढला आणि मागे न बघता बाईंकडे धरला. त्यानंतर त्या गल्लीतले बाकीचे सगळे एकामागून एक आले, म्हातारीची जाऊ, नळाजवळचा लोहार, टोकाच्या घरातल्या दोघी बहिणी. खडूच्या खुणा बाईंनी मग एकेका घरात बॅटरी लावून पुन्हा केल्या आणि साहेबांना दुसऱ्यांदा फोन केला. या वेळी खडू आधी वाटले नाहीत, फोन ठेवला आणि मग पोरांना वाटले.

पण ते नंतरचं. त्या दिवशी परत निघालो तेव्हा बाईंनी वस्तादांचा चिमटा डब्यात टाकला आणि झाकण लावलं. गोदामांमागचा तो भिकार रस्ता लागला आणि डबा खडखडायला लागला, नेहमीपेक्षा जरा जास्तच. बाईंनी माझ्याकडे बघितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी विचारलं, "फडकं घालू का आत?"

मी म्हटलं, राहू द्या.